गळणारे जुने शाईपेन : निदान, उपाय आणि उरलेले प्रश्न

आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या सीमाभागातल्या जुन्या मराठी घरांत शाईपेन अजून सापडते. आजोबा शाळामास्तर, वकील किंवा तालुका कचेरीत कारकून असतील, तर त्यांच्या कागदपत्रांच्या पेटीत एखादे काळे, जाड दांड्याचे पेन निघते. नातवंडे हौसेने त्यात शाई भरतात, आणि दुसऱ्या दिवशी शर्टाचा खिसा निळा होतो. ‘जुने झाले, गळणारच’ असे म्हणून पेन पुन्हा पेटीत जाते.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. शाईपेन गळण्याची कारणे मोजकी आहेत, ती ओळखण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत आणि बऱ्याच कारणांवर घरच्या घरी उपाय होतो. मात्र कोणता उपाय योग्य, याबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांत आणि संग्राहकांत खरे मतभेद आहेत. या विषयाची पार्श्वभूमी, आज मान्य असलेल्या गोष्टी आणि न मिटलेले वाद यांचा हा आढावा.

पार्श्वभूमी

शाईपेनाचा इतिहास हा मोठ्या अंशी गळती थांबवण्याचा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या लुईस एडसन वॉटरमन यांना १८८४ साली मिळालेले पेटंट निबेखालच्या जिभेचे होते. जिभेवर बारीक चिरा पाडून त्यांनी शाईला खाली यायला आणि हवेला वर जायला वाट करून दिली. करारावर शाई सांडल्यामुळे त्यांना ही कल्पना सुचली, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापली गेली असली तरी तिला समकालीन आधार मिळत नाही. १८९४ साली पार्कर कंपनीने मागच्या टोकाला वाकवलेली जीभ आणली. पेन खिशात उभे असताना जिभेत उरलेली शाई दांड्यात परत ओढली जावी आणि टोपण काढताना बोटे भरू नयेत, हा तिचा हेतू होता. पुढे रबरी पिशवी आणि खटक्याची, दट्ट्याची, पडद्याची अशी शाई भरण्याची वेगवेगळी तंत्रे आली. १९४१ साली बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’मध्ये निबेभोवती अनेक खाचांचा एक भाग बसवला होता. जास्तीची शाई तो धरून ठेवी.

आपल्याकडे मात्र जुनी ड्रॉपरची पद्धत दीर्घकाळ टिकली. दांड्यातच थेट शाई भरायची, पुढची मान आट्यांवर फिरवून बसवायची, एवढीच ती रचना. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी पेन बनवले. १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहून त्या पेनाबद्दल समाधान कळवले, तेव्हा त्यांचा मुक्काम वर्ध्याला होता. हैदराबादचे डेक्कन पेन, मुंबईचे विल्सन आणि एअरमेल ही नावे त्यानंतर घरोघरी पोचली. शाईच्या बाजूने मराठी उद्योगाचा वाटा मोठा आहे. कॅम्लिनचा आरंभ १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या उत्पादनातूनच केला.

आळंदचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. कचेरीची आणि शिक्षणाची ओढ हैदराबादकडे, बाजाराची ओढ सोलापूर आणि कलबुर्गीकडे, असा हा मुलूख. त्यामुळे इथल्या पेटीत दक्षिणी एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, पेन, मुंबईचे प्लास्टिकचे पेन, एखादे इंग्रजी ‘ब्लॅकबर्ड’ किंवा ‘स्वान’ आणि नंतरच्या काळातले चिनी ‘हीरो’, यांपैकी काहीही असू शकते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येकाची गळण्याची जागा वेगळी असते.

पेन शाई धरते कसे

पाण्यात बुडवलेल्या नळीचे वरचे तोंड अंगठ्याने दाबून नळी उचलली की पाणी आत अडकून राहते. शाईपेन याच तत्त्वावर चालते. वरून हवा आत येऊ शकत नाही, म्हणून शाई दांड्यात थांबते. लिहिताना जेवढी शाई निबेवाटे जाते, तेवढी हवा जिभेच्या चिरेतून आत शिरते. हवेने आत येण्याचा हा एकच मार्ग असायला हवा.

आट्यांच्या फटीतून किंवा दांड्याच्या तड्यातून हवा आत येऊ लागली, तर शाईला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ती निबेकडून वाहते. म्हणजे निबेवर थेंब दिसला, तरी दोष मागच्या फटीत असू शकतो. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण निब बदलतात आणि पेन गळतच राहते.

निदानाचा क्रम

निदानाची सुरुवात धुण्यापासून करावी, याबद्दल कोणाचे दुमत नाही. कोमट नव्हे, साध्या पाण्याने. एबोनाइट गरम पाण्याने आणि उन्हाने तपकिरी पडते. बाहेरचा दांडा तासन्‌तास पाण्यात ठेवू नये, फक्त मान बुडवावी. वाळलेल्या जुन्या शाईने चिरा बुजल्या असतील, तर त्या मोकळ्या होईपर्यंत पाणी बदलत राहावे.

मग पेनात शाईऐवजी पाणी भरावे, बाहेरून कोरडे पुसावे, मान आणि दांडा यांच्या सांध्यावर टिपकागदाची पट्टी गुंडाळावी आणि पेन निब खाली करून भांड्यात रात्रभर उभे ठेवावे. सकाळी ओल कुठे आहे ते पाहावे.

सांध्यावरची पट्टी भिजली असेल, तर आट्यांची फट किंवा दांड्याच्या तोंडाशी पडलेला तडा हे कारण. असा तडा केसासारखा बारीक असतो. विजेरीचा झोत तिरपा टाकला की तो दिसतो. मागचे टोक ओले असेल, तर दट्ट्याचे बूच किंवा मागची टोपी सैल झाली आहे. जुन्या दट्ट्याच्या पेनांत हे बूच कॉर्कचे असे आणि वर्षानुवर्षे कोरडे राहिले की ते आकसते. रबरी पिशवीच्या पेनात दांड्याच्या आत ओल आढळली, तर पिशवी फाटली किंवा मानेपासून सुटली असे समजावे. सांधा आणि मागचे टोक कोरडे असून फक्त निबेखाली पाणी साचले असेल, तर बहुधा निब आणि जीभ यांच्यात अंतर पडले आहे किंवा जिभेची चीर रुंदावली आहे.

या शेवटच्या दोषाचे आपल्याकडे एक खास कारण आहे. शाळकरी वयात पेन उठत नसले की मुले ब्लेडने जिभेची चीर मोठी करत. त्या वेळी शाई उतरू लागे, पण तेच पेन पुढे आयुष्यभर गळत राही. जुने भारतीय पेन तपासताना जिभेवर ब्लेडच्या खुणा आहेत का, हे आधी पाहावे.

टोपणात शाई दिसणे हा वेगळा प्रकार आहे. मोटरसायकलवर किंवा बसमध्ये पेन हिंदकळले की निबेवरची शाई टोपणात उडते. सांधा, निब, मागचे टोक सगळे कोरडे असूनही टोपण भरत असेल, तर पेन गळत नाही, त्याला धक्के बसत आहेत.

उष्णता आणि उंची

आळंद-कलबुर्गीकडच्या वापरणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. समजा, दांड्यात ३ मिलिलिटर शाई मावते आणि आता पाव भागच उरली आहे. म्हणजे आत सव्वादोन मिलिलिटर हवा आहे. सकाळी २७ अंशांवर असलेले पेन दुपारी ४० अंशांवर गेले, तर ही हवा सुमारे ४ टक्क्यांनी फुगते आणि ०.१ मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन थेंब शाई बाहेर ढकलते. आतल्या वाफेमुळे प्रत्यक्षात याहूनही जास्त शाई येते. तेच पेन काठोकाठ भरलेले असेल, तर आत हवाच थोडी असते आणि बाहेर पडणारी शाई जीभ सहज पेलते.

म्हणून ‘शाई संपत आली की पेन ओकते’ हा जुन्या लिहिणाऱ्यांचा अनुभव पदार्थविज्ञानाला धरून आहे. हाताच्या उबेनेही हेच घडते, फक्त कमी प्रमाणात. उंचीचा परिणामही तसाच. पुण्याहून महाबळेश्वरला चढले की सुमारे ८०० मीटर उंची वाढते, हवेचा दाब ८ ते ९ टक्क्यांनी उतरतो आणि आतली हवा तेवढीच फुगू पाहते. विमानातही अर्धे भरलेले पेन याच कारणाने दगा देते. प्रवासात पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवावे आणि निब वर करून ठेवावे, याबद्दल सर्वांचे एकमत आहे.

उपायांबद्दलच्या भूमिका

दोष सापडल्यानंतर काय करावे, यावर चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका सांधा बंद करण्याची. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावावा, म्हणजे फट बुजते आणि पेन हवे तेव्हा उघडताही येते. पूर्वी याच कामासाठी मेण लावत, दोऱ्याचा वेढा देत. नळजोडणीची पांढरी टेप वापरणारेही आहेत. या भूमिकेचे बळ तिच्या सोपेपणात आहे. तिच्यावरचा आक्षेप असा, की ग्रीस जास्त झाले तर ते शाईबरोबर सरकत जिभेच्या चिरेत शिरते आणि मग पेन गळायचे थांबते तसे लिहायचेही थांबते. दोरा किंवा टेप जाड बसली, तर आटे घट्ट करताना दांड्याचे तोंड तडकू शकते. पेट्रोलियम जेली वापरू नये, कारण ती रबर खराब करते.

दुसरी भूमिका निब आणि जीभ जुळवण्याची. एबोनाइट उष्णतेने मऊ होते. निब-जीभ जोडीने मानेत बसवून, फक्त तेवढा भाग उकळीच्या आसपासच्या पाण्यात थोडा वेळ धरावा आणि बाहेर काढून जीभ निबेला अंगठ्याने दाबून धरावी. गार होताना ती त्याच आकारात बसते. जिभेतला दोष यातून मुळाशी सुधारतो. मात्र प्लास्टिकच्या जिभेवर हा उपाय चालत नाही, ती वेडीवाकडी होते. गरम पाण्याचा स्पर्श मानेला झाला तर तिचा रंग जातो, हा आक्षेपही खरा आहे.

तिसरी भूमिका रचना बदलण्याची. ड्रॉपरच्या पेनात मोठी हवेची पोकळी राहते, हाच दोष मानून काही जण त्यात कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी, बसवतात. आज भारतात एबोनाइटची पेने बनवणारे कारागीर दोन्ही प्रकार देतात, त्यामुळे हा बदल परका राहिलेला नाही. शाईचा साठा छोटा होतो, हवा कमी राहते आणि उन्हाळ्यात पेन शांत राहते. पण जुन्या पेनात यासाठी मान कोरावी लागते किंवा बदलावी लागते, आणि कोरलेली मान पूर्ववत होत नाही.

चौथी भूमिका सवय बदलण्याची. पेनाला हात न लावता ते नेहमी अर्ध्याच्या वर भरलेले ठेवावे, खिशात उभे ठेवावे, उन्हातल्या गाडीत ठेवू नये. जुन्या पिढीतले पुष्कळ लोक हेच करत. या मार्गाने पेनाचे काही बिघडत नाही. परंतु खरी फट किंवा तडा असेल, तर फक्त सवयीने तो भरून येत नाही.

या भूमिका एकमेकींच्या विरोधात आहेत असे वाटते, ते बऱ्याचदा वेगवेगळ्या दोषांमुळे. आट्यांच्या फटीवर पहिली, उघडलेल्या जिभेवर दुसरी, उष्णतेवर चौथी लागू पडते. वाद खरा उरतो तो तिसरीबद्दल.

मूळ स्वरूप की वापर

संग्राहकांचे म्हणणे असे, की पेन ज्या काळात बनले त्या काळाचे साहित्य आणि तंत्र त्यात राहिले पाहिजे. फाटलेल्या रबरी पिशवीच्या जागी रबरी पिशवीच घालावी आणि ती चपड्याने, म्हणजे लाखेच्या शेलॅकनेच चिकटवावी. चपडा सौम्य उष्णतेने सुटतो, त्यामुळे पन्नास वर्षांनी दुसऱ्या कारागिरालाही ते पेन उघडता येते. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर सांधा कायमचा बंद होतो. पुढच्या दुरुस्तीत मान किंवा दांडा फोडण्यावाचून मार्ग राहत नाही.

वापरणाऱ्यांचे म्हणणे असे, की पेन लिहिण्यासाठी आहे. रोज न्यायालयात किंवा शाळेत न्यायचे पेन कोरडे राहिले पाहिजे, त्यासाठी एखादा मूळ भाग बदलला तर बिघडले कुठे? घरात पडून राहिलेल्या पेनापेक्षा बदललेले पण लिहिते पेन बरे, असे ते मानतात.

दोन्ही बाजूंनी बरेचसे मान्य केलेला मध्यम मार्ग असा : पुन्हा उलटवता येणारा उपाय आधी करावा, न उलटवता येणारा सर्वांत शेवटी. आणि मूळ भाग काढलाच, तर तो फेकू नये, पेनाबरोबर जपून ठेवावा.

शाई, पाणी आणि सफाईची द्रव्ये

शाईची निवडही गळतीला कारण होते. काही शाया फार सैल वाहतात. ढिल्या जिभेच्या पेनात त्या थेंब धरतात, तर थोडी घट्ट वाहणारी शाई भरली की तेच पेन नीट चालते. पेन साबणाने किंवा डिटर्जंटने धुऊन नीट खळबळले नाही, तर उरलेल्या साबणाने शाईचा पृष्ठताण कमी होतो आणि ती निबेवर साचते. चित्रकामाची काळी शाई शाईपेनात कधीही भरू नये. तिच्यात चपडा किंवा तत्सम बांधणी असते आणि ती चिरांत कायमची वाळते.

सीमाभागात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त आहे. तेच पाणी जिभेत वाळले की क्षार मागे राहतात. शेवटचे खळबळणे गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या शुद्ध पाण्याने करावे. मात्र बाटलीत आम्ल नसून फक्त पाणी आहे, याची खात्री करून घ्यावी. स्पिरिट वापरू नये. ते चपडा विरघळवते आणि सेल्युलॉइडला इजा करते.

सेल्युलॉइडबद्दल आणखी एक सावधगिरी. हे साहित्य ज्वालाग्राही आहे. दांडा बोटाने जोरात घासल्यावर कापरासारखा वास आला, तर ते सेल्युलॉइड समजावे. गंधकासारखा, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट. सेल्युलॉइडचे पेन दिव्याच्या किंवा गॅसच्या ज्योतीजवळ कधीही नेऊ नये. तापवायचे झाले तर केस वाळवायच्या यंत्राची सौम्य हवा, तीही लांबून.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पिशवीच्या साहित्याचा. रबरी पिशवी काही वर्षांनी कडक होते किंवा चिकट होऊन वितळते. तिच्यातून निघणाऱ्या वायूंमुळे फिक्या सेल्युलॉइडचा दांडा आतून काळवंडतो, असे अनेक दुरुस्ती करणारे सांगतात. सिलिकॉनची पिशवी टिकाऊ आहे, पण तिच्यातून हवा झिरपू शकते. त्यामुळे काही पेने पुन्हा थेंब टाकू लागतात, असा काहींचा अनुभव आहे, तर काहींना तो मान्य नाही.

दुसरा प्रश्न गडद रंगांच्या आधुनिक शायांचा. त्या जुन्या रबराचे आयुष्य कमी करतात, असे एक मत आहे. रबराचा दर्जाच पूर्वीसारखा राहिला नाही, असे दुसरे. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात आणि ती वेगळी करून दाखवणे कठीण आहे.

तिसरा प्रश्न भारतीय ड्रॉपर पेनांचा. परदेशी पेनांच्या दुरुस्तीवर सविस्तर पुस्तके आहेत, प्रत्येक नमुन्याचे भाग आणि मापे छापलेली आहेत. आपल्या पेनांच्या आट्यांची आणि जिभांची मापे बहुधा कारागिराच्या हातात राहिली. एकाच नावाच्या दोन पेनांच्या माना एकमेकींना बसत नाहीत, कारण त्या लेथवर एकेक करून कातलेल्या असत.

चौथा प्रश्न माणसांचा. घड्याळ, स्टोव्ह, चष्मा यांच्याबरोबर पेन दुरुस्त करणारी छोटी दुकाने तालुक्याच्या गावी कमी होत गेली. बॉलपेनने शाळा आणि कचेऱ्या व्यापल्या तसा त्यांचा व्यवसाय आटला. आज शाईपेनाची हौस पुन्हा वाढते आहे, पण ती मुख्यतः मोठ्या शहरांत. तिथल्या दुकानदारांना नवी पेने विकण्यात रस आहे. दोनशे रुपयांच्या जुन्या पेनाला तास-दोन तास देणारा माणूस मिळणे अवघड झाले आहे.

निष्कर्ष

आज खात्रीने एवढे म्हणता येते. गळणाऱ्या जुन्या पेनांत सरसकट ‘वयाचा दोष’ असा काही नसतो. दोष सांध्यात, जिभेत, पिशवीत, बुचात किंवा तड्यात असतो, नाहीतर पेन निर्दोष असून उष्णतेने ओकत असते. धुणे, पाणी भरून रात्रभर तपासणे, दोषाची जागा ठरवणे, पूर्ण भरून वापरून पाहणे, मग आट्यांना ग्रीस, मग जिभेची जुळणी, आणि त्यानंतरच कारागिराकडे जाणे, हा क्रम बहुतेक सर्व मतांच्या लोकांना मान्य आहे. जोर लावून काही ओढू नये, ज्योत जवळ आणू नये, कायमचा गोंद वापरू नये, हे तीन निषेधही तसेच.

वाचकांना विनंती दोन गोष्टींची. घरातले पेन गळते म्हणून फेकू नका. आधी एक रात्र पाणी भरून, सांध्याला टिपकागद गुंडाळून उभे करा. आणि तुमच्या गावात पेन दुरुस्त करणारे कोणी वडीलधारे अजून असतील, तर त्यांच्याकडे जा, ते काय करतात ते पाहा आणि लिहून ठेवा. भारतीय पेनांच्या दुरुस्तीचे पुस्तक लिहायला लागणारी माहिती आज त्यांच्याजवळच आहे.